खडकाकडे तोंड

दुसऱ्याच्या वतीने रांगेत उभं राहायचे पैसे मिळतात, हे आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला वाटलं, मी दवाखान्यातल्या रांगेबद्दल बोलतोय. "बसायला खुर्ची तरी देतात का?" तिने विचारलं. देतात, म्हटलं. खुर्चीवर बसूनच उभं राहायचं असतं. ती हसली आणि म्हणाली, "मामा सांगेल ते कर म्हणजे झालं."

मामा म्हणजे आईचा सख्खा धाकटा भाऊ आणि माझा मालक. टायर-पंक्चरच्या दुकानाच्या डोक्यावर त्याची एक लांबट खोली होती. दोन्ही भिंतींना लागून कॉम्प्युटर, मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट आणि टोकाला काचेची केबिन. केबिनची काच एका बंद पडलेल्या सलूनमधून स्वस्तात उचललेली. तिच्यावर 'दाढी' आणि 'कटिंग' हे शब्द खरवडूनही पुरते गेले नव्हते. खालून तापलेल्या रबराचा वास यायचा आणि वर आम्ही सगळे कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांच्या वतीने खेळ खेळायचो. खेळायचो म्हणजे राबायचो.

ज्याने हा खेळ पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो. पडद्यावर एक मोठं राज्य असतं. डोंगर, तळी, राक्षस, बाजार, सगळं. हजारो लोक एकाच वेळी आपापलं पात्र घेऊन त्यात हिंडतात. तिथे सोन्याच्या मोहरा चालतात आणि त्या मिळवायच्या तर तीच ती रानडुकरं मारावी लागतात, तोच तो डोंगर फोडून धातू काढावा लागतो. ज्याच्याकडे पैसा आहे आणि वेळ नाही, तो खऱ्या पैशाने खोट्या मोहरा विकत घेतो. ज्याच्याकडे वेळ आहे आणि पैसा नाही, तो मामाच्या खोलीत बसून डुकरं मारतो. एवढं सरळ अर्थशास्त्र मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

रांगेचं काम त्यातलंच, पण जरा वरच्या पायरीचं. त्या वर्षी खेळाचा नवा भाग निघाला आणि सर्व्हरवर अशी झुंबड उडाली की ऑफिसातून दमून आलेल्या माणसाने आत शिरायचं म्हटलं तर पडद्यावर नुसता आकडा दिसायचा, तुमच्या पुढे अजून इतके हजार. तो आकडा उतरेपर्यंत बिचाऱ्याची झोपायची वेळ व्हायची. मग गिऱ्हाईक आपलं खातं आमच्या हवाली करायचं. त्यांची संध्याकाळ म्हणजे आमची दुपार. आम्ही सकाळीच, गर्दी व्हायच्या आधी, त्याचं पात्र आत नेऊन ठेवायचो आणि तो येईपर्यंत जागा धरायचो. नुसतं सोडून देऊनही भागत नसे, कारण पात्र फार वेळ स्वस्थ राहिलं तर सर्व्हर त्याला बाहेर फेकतो. त्याला सारखं काहीतरी करायला लावायचं. गिऱ्हाइकाचा निरोप आला की आम्ही बाहेर पडायचो. बाहेर पडलेल्याला रांगेशिवाय परत यायची दोन-तीन मिनिटांची मुभा असते, तेवढ्यात तो आत शिरायचा.

मामाने या धंद्यात स्वतःच्या काही रीती बसवल्या होत्या. एक माझ्यापुरती होती. घरी मामाला 'तू' म्हणायचं, पण दुकानाचा जिना चढला की 'तुम्ही'. नाहीतर बाकीचे म्हणतील भाच्याचे लाड चाललेत. लाड कसले, सगळ्यात मोडकी खुर्ची माझी होती. दुसरी रीत सगळ्यांना लागू होती. चहाला उठायचं असलं तर आधी आपल्या पात्राचं तोंड खडकाकडे, भिंतीकडे, झाडाच्या बुंध्याकडे, जे जवळ असेल त्याच्याकडे करायचं. "समोर बघणारा माणूस विचारलं तरी बोलला नाही तर लोक तक्रार करतात," मामा म्हणायचा. "पाठ करून उभा असला की त्यांना वाटतं, असेल काहीतरी बघत." बाकीच्या दुकानांत पात्राला सरळ खाली बसवून उठतात. खडकाकडे तोंड हा आमच्याच मामाचा शोध. नवीन माणूस कामाला आला की पहिला धडा हाच.

तसा मी शिकलेला मेकॅनिक. मोठाले कॉम्प्रेसर, गॅसच्या नळ्या, बर्फ धरवणारी यंत्रं, हे माझं काम. आमचा शिकवणारा मास्तर, ज्याला आम्ही गॅसमास्तर म्हणायचो, सगळ्यांसमोर सांगायचा की या पोराचा कान चांगला आहे, यंत्र बिघडायच्या आधी याला ऐकू येतं. पण कोर्स संपला आणि नोकरी काही लागेना. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. मामाने निरोप धाडला, ये माझ्याकडे. "मामा बापाच्या जागी असतो," आई म्हणाली. हे वाक्य तिने पुढे इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मला त्याचा अर्थच ऐकू येईनासा झाला.

नवा भाग निघाला त्याच आठवड्यात मामाने मला एक गिऱ्हाईक दिलं. आपल्याच बोलीचा, दूर कुठेतरी मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस. त्याच्या पात्राचं नाव बगळा. काम नेहमीचंच, जागा धरायची. वर एक जास्तीची अट होती. त्याचे वडील निवृत्त झालेले, एकटे राहणारे, तेही हाच खेळ खेळायचे. त्यांचं पात्र म्हणजे कासव. पूर्वी हे बापलेक रोज तळ्याकाठी बसून मासे धरायचे. आता मुलाला सवड नव्हती.

"कासव आलं की शेजारी बसून मासे धरायचे," मामाने सांगितलं. "दोन शब्द बोलायचे. आपला मुलगाच आहे असं त्यांना वाटलं पाहिजे. घरी कधी येणार ते काढायचं नाही, पैशाचं काढायचं नाही. हो बाबा, बरं बाबा, बस."

"म्हणजे मी त्यांचा मुलगा व्हायचं?"

"डुकरं मारण्यापेक्षा बरं ना?" मामा म्हणाला आणि केबिनमध्ये जाऊन बसला.

कासव रोज दुपारी, गिऱ्हाइकाचा निरोप यायच्या आधी, यायचं. एक मोठा काळा खडक, त्याच्या पायथ्याशी तळं, तळ्याकाठी आम्ही दोघं. आल्या आल्या पडद्याच्या कोपऱ्यात त्यांची ओळ उमटायची, "जेवलास का?" मी लिहायचो, हो बाबा. खरं म्हणजे पुष्कळदा डबा तसाच पिशवीत असायचा, पण म्हाताऱ्याने विचारल्यावर मी तो काढून खायला लागलो. खोटं बोललेलं निस्तरावं म्हणून म्हणा हवं तर. मग ते विचारायचे, झोप झाली का, थंडी पडली का तिकडे, अंगात काही घालतोस ना. आमच्या खोलीत पंखा गरम हवा फेकत असायचा आणि मी लिहायचो, हो बाबा, स्वेटर घातलाय.

मासे धरण्यात म्हातारा तरबेज होता. शेवाळ, फाटका बूट, बारका खेकडा असं काही गळाला लागलं की तिथल्या तिथे फेकून द्यायचा. बाजारात उठेल तोच मासा ठेवायचा. मला कौतुक वाटायचं. आयुष्यभर काटकसरीने वागलेला माणूस असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मला ते आवडायला लागलं, सरळच सांगतो. दुसऱ्याच्या बापाचं प्रेम मी भाड्याने खात होतो, आणि गोड लागत होतं. सुट्टीच्या दिवशी खरा मुलगा येईल, त्यांच्याशी बोलेल, या विचाराने माझ्या पोटात दुखायचं. तो कधी आला नाही. आपल्या मित्रांबरोबर राक्षस मारायला मात्र तो रोज तिकडच्या संध्याकाळी हजर असायचा, मी धरलेल्या जागेवर. अशा मुलाच्या मुस्काटात द्यावी असं मला वाटायचं, आणि त्याने तसाच वागत राहावं असंही वाटायचं.

अशात गॅसमास्तरचा फोन आला. बंदराच्या गावी एक मोठं कोल्ड स्टोरेज उभं राहिलं होतं आणि यंत्रघरात माणूस हवा होता. राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. "आईला घेऊनच ये," मास्तर म्हणाला. "माझ्या शब्दावर जागा धरून ठेवलीय. शनिवारपर्यंत हो म्हण." माझ्याने बसवेना. त्या दिवशी मी गच्चीवर जाऊन शेजाऱ्यांच्या बिघडलेल्या कूलरचा आवाज उगाचच ऐकत उभा राहिलो. काय बिघडलंय ते लगेच कळलं.

आईला सांगितलं. तिचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. "मामाला विचार आधी," ती म्हणाली. "वाईट दिवसांत त्यानेच हात दिला."

मी केबिनमध्ये गेलो. मामाने सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "तुझी मर्जी. मी कोण सांगणारा? उद्या काही कमी-जास्त झालं तर ताई मला बोल लावेल." मग त्याने आपल्या थर्मासमधला चहा दुसऱ्या कपात ओतून माझ्यापुढे सरकवला. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच. माणूस मनाचा मोठा आहे, असं मी त्या दिवशी आईला सांगितलं. तिला भावाचं ते बोलणं लागलं होतं. "मर्जी काय मर्जी," ती म्हणाली, "मोठ्यांनी काहीतरी एक सांगायला नको?"

तेच मलाही हवं होतं. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी मोठ्या माणसाने मला जा म्हणावं किंवा राहा म्हणावं. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी मी लिहिलं, "बाबा, एक विचारू?"

"विचार की."

"दुसरीकडे नोकरी मिळतेय. माझ्या आवडीचं काम आहे. पण इथलं सगळं सोडून जावं लागेल."

कासवाच्या गळाला मासा लागला होता. पाणी हललं, दोरी ताणली, पण कासवाने तो ओढला नाही. मासा सुटून गेला.

"तिथे आपलं कोण आहे?"

"एकच जण ओळखीचा आहे."

"एक म्हणजे कुणीच नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. ज्याने जागा धरून ठेवली त्यालाच शेवटी काहीतरी मिळतं."

"पण तिथे मन लागेल माझं."

"मन काय, सवयीने कुठेही लागतं. माझं ऐक. जागा सोडू नकोस, बाळा."

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. वडील गेल्यापासून मला कुणी बाळा म्हटलं नव्हतं. आई नावाने हाक मारते आणि मामा 'ए' म्हणतो. मला माहीत होतं की हा शब्द माझा नाही, तो त्या स्वेटरवाल्या साहेबाचा आहे. पण प्रश्न माझा होता, म्हणून उत्तरही माझंच, अशी मी स्वतःची समजूत घातली. एवढ्या मोठ्या वयाचा माणूस, पावसाळे पाहिलेला, तो काही उगाच सांगणार नाही.

मी मास्तरला नाही म्हणून कळवलं. "बरं," तो म्हणाला, "मग धांदरटाला पाठवतो." धांदरट म्हणजे आमच्याच वर्गातला एकजण, ज्याला भरायची नळी कुठली आणि काढायची कुठली हे शेवटपर्यंत कळलं नाही. फोन ठेवता ठेवता मास्तर म्हणाला, "कान तुझा चांगला आहे रे, पण ऐकतोस कुणाचं कोण जाणे."

मामाला सांगितलं तेव्हा त्याने मान डोलावली. "बरं केलंस," एवढंच म्हणाला. थर्मास उघडला नाही.

पुढे काय व्हायचं ते झालं. खेळाच्या कंपनीने आणखी सर्व्हर उघडले, गर्दी वाटली गेली, आणि महिन्याभरात रांग नावाची गोष्टच उरली नाही. जी जागा मी सोडली नाही ती जागाच जगातून नाहीशी झाली. मामाने निम्म्या लोकांना रजा दिली. मला ठेवलं, पण डुकरांवर, कमी पगारात. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. धांदरट अधूनमधून आपल्या दोन खोल्यांचे फोटो पाठवायचा. एका फोटोत त्याची आई खिडकीशी बसून डोळे मिटून वारा खात होती. तो फोटो मी आईला दाखवला नाही.

बगळ्याचं काम तेवढं चालू राहिलं. रांग नव्हती, पण बाप होता. डुकरांमधून दुपारचा तेवढा वेळ मला तळ्यावर जायला मिळायचा आणि दिवसातला तेवढाच वेळ मी माणसात असायचो.

एके दिवशी दुपारी खालचा टायरवाला तणतणत जिना चढून वर आला. केबिनच्या कूलरचं पाणी त्याच्या नव्या मालावर गळत होतं. "मालक कुठाय?" तो दारातूनच ओरडला. मी पडद्यावर होतो. माझ्या शेजारी कासवाने गळ वर घेतला, सावकाश वळलं, चार पावलं मागे गेलं आणि त्या काळ्या खडकाला नाक लावून उभं राहिलं.

मला आधी हसू आलं. म्हटलं, बघा, आमची रीत म्हाताऱ्यालाही सुचली. मग दाराकडे लक्ष गेलं.

मामा केबिनमधून बाहेर आला होता आणि दारात टायरवाल्याची समजूत घालत होता. कासव खडकाकडे बघत होतं. टायरवाला पाण्याखाली बादली ठेवायचं कबूल करून घेऊन, पुटपुटत खाली गेला. मामा परत केबिनमध्ये शिरला, खुर्ची पुढे ओढली. कासव वळलं, माझ्याशेजारी येऊन बसलं आणि त्याने पाण्यात गळ टाकला.

असेल योगायोग, मी स्वतःला म्हटलं. मग मी लिहिलं, "बाबा, मी ही नोकरी सोडतोय." लिहिलं आणि पडद्याकडे न बघता मान वळवून काचेकडे बघितलं. 'दाढी' आणि 'कटिंग'च्या मधोमध मामाचा चेहरा होता. त्याच्या कपाळाला आठी पडली. तो पुढे वाकला आणि त्याची कोपरं हलायला लागली. हलली, थांबली. मी पडद्याकडे पाहिलं.

"का रे बाळा, काय झालं?"

मला राग यायला हवा होता. आधी जे आलं ते वेगळंच होतं, वडील गेले त्या दिवशीसारखं. त्या वेळी निदान घरात माणसं तरी जमली होती.

मी बगळ्याचं तोंड खडकाकडे केलं. सवय, दुसरं काय. उठलो आणि केबिनमध्ये जाऊन दार लावलं.

"कासव तू आहेस," मी म्हणालो. दुकानात त्याला पहिल्यांदाच तू म्हटलं.

मामाने काचेतून बाहेर एक नजर टाकली. "आवाज खाली ठेव," तो म्हणाला. ओशाळला वगैरे काही नाही. उलट, धंद्यातली एक गोष्ट अखेर कळली तुला, असा त्याचा चेहरा होता.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. म्हाताऱ्याचे हात थरथरतात. मासा लागला की कळ दाबता येत नाही त्याला. खेळातल्या बाजारात आपली जाहिरात बघून त्याने मला गाठलं. म्हणाला, पोरगा रोज तळ्यावर येऊन बसतो, मी नाही आलो तर त्याला वाईट वाटेल, तेवढं कुणीतरी माझ्या जागी बसा. आता बाप आणि मुलगा दोघंही आपलीच गिऱ्हाइकं निघाली, त्याला मी काय करू? दुसरा माणूस बसवायचा म्हणजे त्याला पगार द्या. मीच बसलो."

"दोघांनाही सांगायचंस. दोघांनाही यायला जमत नाही म्हणून."

"आणि दोन्हीकडचं काम घालवू?" मामाने मलाच विचारलं.

म्हणजे मुलाला वाटत होतं, बापाला वाईट वाटेल. बापाला वाटत होतं, मुलाला वाईट वाटेल. आणि तळ्याकाठी त्यांच्या वतीने आम्ही मामा-भाचे, मध्ये एक सलूनची काच.

"म्हणजे तिथे कुणीच नव्हतं," मी म्हणालो.

"तू होतास, मी होतो," मामा म्हणाला. "तुझं काम तू चांगलं केलंस. मीही केलं. जा आता, बगळा कधीचा उभा आहे. सर्व्हर बाहेर फेकेल."

मी दाराला हात लावला. पण एक गोष्ट विचारल्याशिवाय मला जाता येईना. कशासाठी विचारत होतो ते मलाच ठाऊक नव्हतं. सगळं खोटं निघाल्यावर त्यातलं थोडं तरी याच्या पदरचं असावं, असं काहीतरी वाटत असेल. शेवटी तो मामाच होता. बापाच्या जागी.

"रोज जेवलास का विचारायचास," मी म्हणालो, "ते?"

"म्हाताऱ्याने सांगून ठेवलं होतं. आल्या आल्या आधी तेच विचारायचं."

"झोपेचं, थंडीचं?"

"त्याचंच."

"बाळा म्हणायचास ते?"

"तेही त्याचंच. तो लहानपणापासून पोराला तसंच म्हणतो."

"आणि जागा सोडू नकोस?"

मामाने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवून पडद्याकडे वळला.

"तेवढं माझं," तो म्हणाला.